एकतीस? इस्पिक राजा!

आज पहिल्यांदा पत्त्यांची सगळी 52 पानं पाठ केलेल्या क्रमाने, नंबरासकट, न अडखळता म्हटली. स्पेनचे जादूगार हुआन तामारिझ यांनी जादूसाठी लावलेला क्रम. किलवर चव्वी, बदाम दुर्री, चौकट सत्ती अशी सुरुवात आणि शेवटी चौकट नव्वी. बघणाऱ्याला वाटतं पत्ते पिसलेलेच आहेत, इतका तो विस्कटलेला दिसतो.

संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. तिच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, विचार. "एकतीस?" इस्पिक राजा. "अकरा?" बदाम राणी. धडाधड सांगत गेलो. मग तिने उलटं विचारलं, "किलवर नव्वी कितवी?" आणि मी पार अडकलो. तोंडातून नऊ आलं, पण नववी तर इस्पिकची नव्वी. किलवरची 44वी!

आई म्हणाली, "अरे, पाढा पहिल्यापासून म्हणून उत्तर काढलंस तर पाढा आला असं म्हणतात का?" अगदी खरं. नंबरावरून पान आणि पानावरून नंबर, दोन्ही तितक्याच झटकन यायला हवं. एक बाजू पक्की झाली, दुसरी अजून कच्ची आहे.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कॅट कुठूनही काटा, क्रम मोडत नाही. आज बाबांनी काटला. खालचं पान हळूच पाहिलं, चौकट राजा, म्हणजे 26, मग वरचं 27वं. वरचं पान न बघता सांगितलं, "किलवर दुर्री." बाबांनी ते उलटलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिले. तीन आठवडे रोज पहाटे उठून घोकलं होतं ते याच क्षणासाठी.

झोपायला जाताना आईने दारातूनच विचारलं, "बदाम सत्ती?"

41, आई.