नटक्रॅकर, अगदी वरच्या रांगेतून

आज लेकीला घेऊन लिंकन सेंटरला न्यूयॉर्क सिटी बॅले या नृत्यसंस्थेचा ‘नटक्रॅकर’ हा ख्रिसमसच्या गोष्टीवरचा बॅले पाहून आले. अजून भारावलेली आहे.

तिकिटं परवडतील अशी अगदी वरचीच मिळाली, आणि तेच बरं झालं. हिमकणांचा नाच वरूनच बघावा! पांढऱ्या झग्यातल्या मुली एकमेकींना छेद देत धावतात, गोल करतात, मोडतात, पुन्हा रांगा धरतात. कागदी बर्फ तर इतका पडतो की सगळा रंगमंच भरून जातो. त्या कागदावर पाय सहज घसरेल, पण वेग तसूभर कमी होत नाही.

त्याआधी ख्रिसमसचं झाड वाढतं. १२ फुटांचं बघता बघता ४१ फूट! लेक उठून उभीच राहिली. मागच्या आजींनी खुणेनं ‘राहू दे’ म्हटलं.

हा प्रयोग नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शीननं १९५४ साली बसवला. लहानपणी तो स्वतः रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात याच बॅलेत नाचला होता. १८९२ साली मूळ बॅलेचा पहिला प्रयोग झाला तो तिथेच. म्हणूनच असेल, त्यानं मुलांना नुसतं शोभेला उभं केलेलं नाही. पहिला अंक जवळजवळ त्यांचाच आहे.

आणि शुगरप्लम परीच्या नाचातला तो चेलेस्टा, पियानोसारखा दिसणारा पण घंट्यांसारखा किणकिणणारा! या बॅलेचा संगीतकार चायकोव्हस्की, त्यानं हे वाद्य पॅरिसहून गुपचूप मागवलं होतं, दुसऱ्या कुणी आधी वापरू नये म्हणून. सूर ऐकले की त्याची ती धडपड पटते.

इथल्या मित्रमैत्रिणींनो, मुलांना एकदा तरी न्याच. आणि खुशाल वरची तिकिटं काढा.