तुम्ही विचारलंत म्हणून: चार्ली वॉट्सच्या ठेक्यात जॅझ कुठे आहे?

ड्रम शिकणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ड्रमर चार्ली वॉट्सला सगळे जॅझवाला म्हणतात, आणि हा तर साधा चारचा ठेका धरून बसलेला!

त्याच्या उजव्या हाताकडे बघा. रॉकच्या नेहमीच्या चार मात्रांच्या बीटमध्ये हाय-हॅटवर (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आठ फटके, बेस ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम) १ आणि ३ वर, स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) २ आणि ४ वर. वॉट्स स्नेअर मारताना उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घ्यायचा. आठांतले सहाच उरायचे. त्यामुळे स्नेअरवर झांजेची किणकिण चढत नाही, तो मोकळा वाजतो. व्हिडिओ आवाज बंद करून पाहिलात तर हे पटकन दिसेल.

करून बघायचंय? मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ७० ठोक्यांवर ठेवा. तोंडाने ‘एक आणि दोन आणि’ म्हणत आधी आठही फटके वाजवा, हात स्थिरावला की २ आणि ४ वरचे गाळा. आता गडबड सुरू होते. मोकळी जागा मिळाली की डावा हात घाई करतो, स्नेअर क्लिकच्या आधी पडतो. किंवा उजवा हात वीतभर वर जातो आणि पुढचा ‘आणि’ उशिरा येतो. काठी तीन-चार बोटं उचलली तरी पुरे. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना हे कळत नाही.

डावी काठी तो जॅझवाल्यांसारखी, तळवा वर करून धरायचा. तेवढ्यासाठी तुमची पकड बदलू नका. दोन्ही हातांची पकड सारखी असली तरी हा ठेका जमतो.

त्याच्या वाजवण्यात जॅझ आला तो रेकॉर्डी ऐकून. १९४१ साली लंडनमध्ये जन्म. पोरवयात बॅन्जोची मान काढून टाकली आणि उरलेल्या खोक्यावर ब्रशने (तारांच्या झुबक्याच्या काठीने) वाजवायला लागला. शेजारचा डेव्ह ग्रीन डबल बास (उभं धरायचं मोठं तंतुवाद्य) वाजवायचा. पुढे वॉट्सच्या जॅझ पंचकातही बासवर तोच. मधे ग्राफिक डिझाइनची नोकरी, अ‍ॅलेक्सिस कॉर्नरचा ब्लूज बँड आणि १९६३ च्या जानेवारीत स्टोन्स. ऐंशीच्या दशकात पठ्ठ्याने तिसाहून जास्त वादकांचा जॅझ ऑर्केस्ट्रा उभा केला. २०२१ मध्ये गेला. बाकीचे रॉकवाले ड्रमची चळत रचत असताना याचा ग्रेच कंपनीचा सेट चारच नगांचा होता: बेस, स्नेअर, वर एक टॉम (घुमणारा साधा ड्रम), खाली एक.

ऐकायला ‘हाँकी टाँक विमेन’ (१९६९) घ्या. सुरुवातीची काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) वॉट्सची नाही, निर्माता जिमी मिलरची आहे. ड्रम येतात ते तिच्याशी काटेकोर जुळत नाहीत आणि गाणं संपेपर्यंत लय चांगलीच चढते. तेव्हा यासोबत वाजवताना मेट्रोनोम बंद ठेवा, नाहीतर मध्येच सुटाल.