माचू पिक्चूला उतरावं लागतं

"अरे, पण तिथं श्वास लागतो म्हणे," ताई फोनवर म्हणाली. "लेहसारखं नाही ना व्हायचं परत?"

लेहचं असं झालं होतं. सकाळच्या विमानाने उतरलो आणि टूरवाल्याने दुपारीच आम्हाला शांती स्तूपाच्या पायऱ्यांवर नेलं. आम्ही बहीण-भाऊ कळसूबाईच्या गप्पा मारत ऐटीत चढलो. रात्री अकरा वाजता ताई बादली धरून बसली होती आणि मी कपाळ दाबून धरलं होतं. कळसूबाई १६४६ मीटर, लेह ३५०० मीटर. सह्याद्रीत तीस वर्षं फिरलेल्या माणसाला वाटतं, दम हा मांड्यांचा प्रश्न आहे. विरळ हवा मांड्यांकडे बघतसुद्धा नाही.

म्हणून या वेळी पेरूतल्या माचू पिक्चूचं, म्हणजे इंका राजवटीतल्या त्या डोंगरावरच्या जुन्या नगराचं, ठरलं तेव्हा मी आधी भाचीच्या जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर उंचीचा तक्ता काढला. लिमा समुद्रकाठी. कुस्को ३४०० मीटर. उरुबांबा २८७०. ओयांतायतांबो २८०० च्या आत-बाहेर. आग्वास कालिएंतेस, म्हणजे पायथ्याचं गाव, २०४०. आणि खुद्द माचू पिक्चू २४३०. दोनदा तपासलं. ज्या जागेला सगळे घाबरतात ती कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे! त्रास व्हायचा तो विमानातून उतरल्या उतरल्या कुस्कोत होतो, आणि नाव खराब होतं माचू पिक्चूचं.

एजंटने पाठवलेल्या आराखड्यात पहिल्या दोन रात्री कुस्कोत होत्या. मी त्या उचलून शेवटी टाकल्या. तो म्हणाला, "काका, सगळे असंच करतात." म्हटलं, सगळ्यांच्या बहिणीला सल्फाची ॲलर्जी नसते. उंचीसाठी जी गोळी देतात ती सल्फाच्याच घराण्यातली, त्यामुळे ताईच्या डॉक्टरांनी त्या गोळीवरच फुली मारली. आता रात्रींचा क्रम हेच आमचं औषध.

तर क्रम असा. आधी न्यू जर्सीत भाचीकडे आठवडा. अमेरिकेचा व्हिसा सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असल्यामुळे पेरूचा वेगळा काढावा लागत नाही, आणि तिथून निघालं की झोपेचं गणितही बिघडत नाही, घड्याळात जेमतेम तासाचा फरक. मग लिमा. मग कुस्कोचं विमान, आणि विमानतळावरूनच गाडीत बसून थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात. वाटेत चिंचेरोजवळ रस्ता ३७०० मीटरच्या वर जातो, पण तिथे आम्ही फक्त खिडकीतून बघणार, झोपायला ओयांतायतांबो. दोन रात्री तिथे, दोन आग्वास कालिएंतेसला, आणि रक्ताला सवय झाल्यावर कुस्को. पहिल्या दिवशी कोकाच्या पानांचा चहा आणि चौकात बसून राहणं, एवढाच कार्यक्रम. (पानं आठवण म्हणून बॅगेत टाकायची नाहीत हे ताईला बजावून झालंय. भारतात ती अमली पदार्थांत मोडतात.)

महिना मे. नोव्हेंबर ते मार्च तिथे पाऊस, फेब्रुवारीत तर इंका ट्रेल बंदच असते. माचू पिक्चूला जाणारी ती चार दिवसांची पायवाट मी मनातल्या मनात चालून घेतली आहे. तिच्यावरची सर्वांत उंच खिंड ४२१५ मीटरची, नाव 'मेलेल्या बाईची खिंड'. ताईला नाव सांगितलं नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पीतज्वराच्या लशीने. आम्ही जाणार तेवढ्या उंचीवर तो ज्वर पसरवणाऱ्या डासाचं काही चालत नाही. पण पेरू पीतज्वराच्या देशांच्या यादीत असल्यामुळे भारतात परतताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. म्हणजे लस तिथल्यासाठी नाही, घरी यायला! त्यात साठीपुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात. ताई ६६, मी ६२. दोघांचे कागद बघून, प्रश्न विचारून त्यांनी शेवटी हो म्हटलं. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, आम्ही महिनाभर आधीच घेतली.

आता भांडणाचा मुद्दा: तिकीट. २०२४ च्या जूनपासून आत तीन 'सर्किट', म्हणजे ठरवून दिलेल्या फिरायच्या वाटा, केली आहेत. एक निवडायचं, दिलेल्या वेळेला जायचं, त्याच वाटेने पुढे सरकायचं. ताईला तो वरून दिसणारा फोटो हवा आहे, कारण सोसायटीत विचारतील. मला पाणी बघायचं आहे.

मी आयुष्यभर जिल्हा परिषदेत पाणीपुरवठा केला. माचू पिक्चूला इंकांनी डोंगरातला झरा पकडून ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने वस्तीत आणला, आणि मग एकाखाली एक अशा १६ कुंडांतून उताराने सोडला. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, पंधराव्या शतकातलं काम. रायगडावर, राजगडावर आपली टाकी आणि तळी पावसाचं पाणी धरून ठेवतात. इथे वाहतं पाणी पायरीपायरीने खाली नेलंय. सोळापैकी पहिलं कुंड राजाच्या घराला लागून आहे. हे वाचून मी एकटाच हसलो. गावात नळयोजना आली की पहिलं कनेक्शन कुठल्या वाड्यात जातं, हे मला कुणी शिकवायला नको.

तोडगा असा निघाला: पहिल्या दिवशी दोघांनी सर्किट दोन, फोटोसकट. दुसऱ्या दिवशी मी एकट्याने सर्किट तीन, खालच्या अंगाचं, आणि ताई गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसणार. गावाचं नावच 'गरम पाणी'. स्वच्छतागृह फाटकाबाहेर आहे, आणि एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत नाही. हे ऐकल्यापासून ताईने सकाळचा चहा अर्धा करण्याची तालीम सुरू केली आहे. तिकिटावर मी तिच्या जुन्या पासपोर्टचा नंबर टाकून बसलो होतो. फाटकावर मूळ पासपोर्ट तपासतात, म्हणून ते निस्तरण्यात चार ईमेल गेले.

जेवणाची काळजी नाही. बटाटा मूळचा तिथलाच. शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, सगळं त्याच बाजूच्या मुलखातून आलेलं. ताईची उपवासाची खिचडी माहेरी चालली आहे म्हणायची.

हे सांगितलं आणि पस्तावलो. तिने लगेच कॅलेंडर काढलं. ओयांतायतांबोच्या मुक्कामात संकष्टी येते. आता रोज एकच प्रश्न: चंद्रोदय इथला धरायचा की तिथला? तिथला धरला तर खोऱ्याच्या दोन्ही अंगांना डोंगर, चंद्र वर यायलाच उशीर. इथला धरला तर तिथे सकाळचे साडेअकरा-बारा वाजलेले असतील.

"मग नाश्त्यालाच सोडते," म्हणाली काल.