सात तुकड्यांची काटापट्टी

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, मी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर केलं. भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधला कापूस, ओलाव्याची कपात, शेवटी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हातातली हिशेबाची पावती. काम एवढंच. काट्याचा वजन दाखवणारा इंडिकेटर कॉम्प्युटरला जोडणं दोन दिवसांत उरकलं. बाकीचा सगळा वेळ एका सल्ल्यानं खाल्ला.

मालकांनी पुण्याचा सल्लागार धरला. त्यानं व्हिडिओ कॉलवर आकृती दाखवली: वजनाची सेवा वेगळी, ओलाव्याची वेगळी, पट्टीची वेगळी, अशा सात मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकमेकांशी नेटवरून बोलणारे सात छोटे प्रोग्रॅम, सगळ्या क्लाउडवर. उद्या दहा हजार गाड्या आल्या तर? आमच्याकडे दिवाळीनंतरच्या गर्दीत दीडशे येतात. दहा हजार आल्या तर उभ्या कुठं करायच्या, हे आकृतीत नव्हतं. मी गप्प बसलो, याचाच राग जास्त आहे.

पहिल्याच आठवड्यात लाईन गेली, मागोमाग टॉवरही बसला. वजन झाल्याचं वजनाच्या सेवेला माहीत, पट्टीच्या सेवेला पत्ताच नाही. रांग डांबरी रस्त्यापर्यंत. एक म्हातारे काका दर दहा मिनिटांनी खिडकीशी येत, "भाऊ, पट्टी कवा निंगन? बैलं उपाशी हायेत." सल्लागार फोनवर म्हणाला, रिट्राय, म्हणजे न पोचलेली नोंद पुन्हा पाठवायचे प्रयत्न, वाढवा. वाढवले. नेट आलं तशा एकेका गाडीच्या तीन-तीन पट्ट्या निघाल्या, नंबर वेगवेगळे. रात्री दोनपर्यंत मालकांसमोर बसून हिशेब जुळवला. नोंद काट्यावर होतानाच तिला क्रमांक द्यायचा असतो, म्हणजे ती पुन्हा आली तरी ओळखू येते. तसा दिला नव्हता, ही चूक मात्र माझी.

त्या रविवारी कोणाला न विचारता सगळं एका प्रोग्रॅममध्ये घेतलं, डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये, काट्याच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर. चालू नोंदीत वीस वेळा प्लग उपटून पाहिला. अर्धवट नोंद एकदाही राहिली नाही. बॅकअपला चालू फाइल नुसती कॉपी करू नका, एसक्यूलाइटची बॅकअपची कमांड आहे. आणि हो, रक्कम रुपयांत नको, पैशांत, पूर्णांकात ठेवा.

सल्ला खोटा नव्हता. सल्लागाराच्या जुन्या कंपनीत हे सांभाळायला साठ माणसं होती. इथं मी आणि काट्यावरचा पोरगा. रात्री फोन कोण उचलतं, हे मी पहिल्या कॉललाच विचारायला हवं होतं.

परवा त्याचं दुसऱ्या हप्त्याचं बिल आलं. मालकांनी ते माझ्याकडे धाडलं, "हे कायचं हाय?"