टाकीतल्या गोगलगायी

"ताई, माशांच्या टाकीत हे औषध टाका, सकाळपर्यंत एकही गोगलगाय उरणार नाही," असे दुकानदार आज इतक्या सहजपणे म्हणाला, की हातात घेतलेली बाटली मी तशीच परत ठेवली.

त्या औषधात तांबे होते. तांब्याने गोगलगायी मरतात हे खरे; पण मेलेल्या गोगलगायी वाळूतच कुजतात, पाण्यातला अमोनिया, म्हणजे कुजण्यातून तयार होणारे, माशांना विषारी असे द्रव्य, वाढतो, आणि नव्या टाकीत त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू पुरेसे रुजलेले नसतात. ते रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर माशांना खरा धोका गोगलगायींचा नसून न दिसणाऱ्या अमोनियाचा असतो. स्वच्छ दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही.

घरी येऊन मी टाकीतल्या वनस्पतीचे एक पान उलटून पाहिले. मागे पारदर्शक, चिकट थेंब होता आणि त्यात बारीक ठिपके होते; ही अंडी बहुधा वनस्पतींबरोबरच आलेली. ती पुसता येतात, परंतु तळाशी खाणे उरत राहिले तर गोगलगायी वाढणारच. म्हणून खाणे कमी करणे, थोडे पाणी नियमित बदलणे आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढूनच ते टाकीत घालणे, हाच उपाय मला पटतो.

नवी टाकी घेणाऱ्याला मासे लगेच दाखवले जातात. पाणी तपासण्याचा संच मात्र मागितल्याशिवाय कोणी पुढे करत नाही. असे का व्हावे?