अनुभव किती?

मंगळवार, रात्री

आजही नर्सच्या नोकरीसाठी गेले त्या हॉस्पिटलात फाइल उघडायच्या आधीच विचारलं, "अनुभव किती?" फ्रेशर म्हटल्यावर बायोडेटा घेतला, गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. "कळवू." दीड मिनिटात बाहेर.

या प्रश्नाचा मला राग येतो, तो आज लिहूनच काढते. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे चार वर्षं बाकावर बसणं नाही. आम्ही वॉर्डात होतो. स्पंजिंग केलं, एकाच बाजूला पडून बेडसोअरच्या जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवलं, ऑपरेशनला नेण्याआधी बांगड्या-जोडवी काढून कागदात बांधून नातेवाइकांच्या हातात दिली. गेलेल्या माणसाचे डोळे मिटले, हातपाय सरळ केले, मग बाहेर थांबलेल्या त्याच्या मुलाला पाणी दिलं. लेबर रूममध्ये एक बाळ जन्मल्यावर रडेना. मॅडमनी टॉवेल माझ्या हातात दिला. "पूस, पाठ चोळ, थांबू नकोस." ते रडलं तेव्हा त्याच्या आईने आधी माझ्याकडे पाहिलं. केसबुकात त्याची एक ओळ आहे, खाली सही आहे. आणि अर्जातल्या अनुभवाच्या रकान्यात मला शून्य लिहायचंय.

हॉस्पिटलचं म्हणणं मला कळतं. विद्यार्थिनीच्या मागे कायम कुणीतरी उभं असतं. नोकरीत औषध दिल्याची सही आपली एकटीची. हा फरक खरा आहे. पण तो भरून काढायला कुणीतरी पहिली ड्यूटी द्यावीच लागते ना?

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आल्यावर आईने ते देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. झेरॉक्सवर त्या कुंकवाचा ठिपका काळा उमटतो. प्रत्येक हॉस्पिटलात देते त्या प्रतीवर तो आहे.

गुरुवार

एका ठिकाणी लगेच "हो" मिळालं. आयसीयू, आणि पगार माझ्या अपेक्षेपेक्षा बरा. मग अटी सांगितल्या. दोन वर्षांचा बॉण्ड, आणि मार्कशीटपासून रजिस्ट्रेशनपर्यंत सगळी मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे जमा. मी विचारलं, सुरुवातीला शिकवायला कोण असेल? "आलीस की शिकशील, पुढच्या आठवड्यापासून नाइट लागेल." एका सिस्टरकडे पेशंट किती, तर "तीन, कधी चार." व्हेंटिलेटरवरचे धरून? "धरूनच."

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर हवी, हे आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. ट्यूब ब्लॉक झाली, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन पडायला लागलं, आणि त्याच वेळी पलीकडच्या बेडचा बीपी खाली आला, तर नवीन मुलगी कुणाकडे धावणार? मला कामाची भीती नाही. मला भीती त्या पलीकडच्या बेडची आहे.

"विचार करून सांगते" म्हणून निघाले. रूममेटला सांगितल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "कागद दिले नाहीस ना?" मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात गेले की सरकारी भरतीच्या पडताळणीला काय दाखवणार, दुसरी नोकरी कशी शोधणार? झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत समोर दाखवावी, आणि परत पिशवीत ठेवावी. मागून येणाऱ्या ज्युनिअर मुलींना मी हे आजच ग्रुपवर लिहिलं.

शुक्रवार

मेट्रोने रुबी हॉल स्टेशनला उतरून एका हॉस्पिटलात गेले. ओळीत खूप मुली होत्या, आणि दोन ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. कुणी लातूरची, कुणी बीडची, एक चंद्रपूरहून रात्रभर प्रवास करून आलेली. तिने स्टेशनवरच तोंड धुतलं होतं. हेपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण आहेत का, एवढंच आज विचारलं आणि कागद ठेवून घेतले. येताना त्या चंद्रपूरच्या मुलीला आमच्याच मेसला जेवायला आणलं.

शनिवार, उशिरा

आजचं नीट लिहून ठेवायचंय.

कोथरूडकडचं छोटं हॉस्पिटल, पन्नासच्या आतल्या खाटा. मेट्रन मॅडम साठीच्या जवळ आलेल्या. अनुभव विचारलाच नाही. कागद-पेन पुढे सरकवलं.

"पाचशे एमएल एनएस सलाइन, आठ तासांत द्यायचं. मिनिटाला थेंब किती?"

थेंब केवढा पडतो ते सलाइनच्या नळीच्या सेटवर ठरतं, म्हणून मी विचारलं, "सेट कुठला मॅडम? मायक्रो की मॅक्रो?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "मॅक्रो. एक एमएलला वीस थेंब."

दहा हजार थेंब, चारशे ऐंशी मिनिटं. एकवीस.

"पोटॅशियम क्लोराइडचा अँप्यूल आहे हातात. डॉक्टर घाईत आहेत. कसं देशील?"

"सरळ शिरेत कधीच नाही. डायल्यूट करून, इन्फ्युजनमधून, हळू. हृदय थांबू शकतं."

"आणि डॉक्टर म्हणाले, दे गं पटकन, मी सांगतोय ना?"

इथे मी थोडी थांबले. पुस्तकात हा प्रश्न नसतो. मग म्हटलं, "देणार नाही. इनचार्ज सिस्टरना बोलावीन."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे उत्तर येतं का, तेवढंच मला बघायचं होतं. बाकीचं शिकवता येतं."

त्यांचा असा सूर ऐकून मलाही विचारायचा धीर आला. पहिले तीन महिने एका सीनिअर सिस्टरबरोबर ड्यूटी, तोवर एकटीला नाइट नाही. इन्शुलिन आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दोघींनी तपासूनच द्यायचं, मग ती सीनिअर असो की नवी. ड्यूटी बदलताना पेशंटचा हँडओव्हर नर्सिंग स्टेशनवर बसून नाही, पेशंटच्या कॉटपाशी उभं राहून. फोनवर ऑर्डर आली तर लिहून घ्यायची, परत वाचून दाखवायची. मूळ कागद त्यांनी पाहिले आणि तिथल्या तिथे परत दिले.

पगार १७,०००.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला किमान २०,०००. इतक्या वर्षांनीही मला १७,००० सांगितले जातात. मॅडमना हे बोलले. त्यांनी टाळलं नाही. "माझ्या हातात असतं तर दिले असते. तीन महिन्यांनी मालकांपुढे तुझ्यासाठी मी बसेन." मी ते ऐकून घेतलं, पण रक्कम योग्य आहे असं मी म्हणणार नाही. माणसं चांगली असल्याने पगार पुरेसा होत नाही. कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि बसचा पास गेल्यावर घरी पाठवायला फारसं उरणार नाही.

रविवार

अण्णांचा फोन. त्यांचं एकच, "सरकारीत बघ." त्यांचं चूक नाही. अधिपरिचारिकेची, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सची, जागा म्हणजे ३५,४०० मूळ पगारापासून सुरुवात, वर भत्ते. रूममेट त्यासाठीच नवी पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत बसते, एम्सच्या नॉरसेटची, म्हणजे तिथल्या नर्सभरतीच्या परीक्षेचीही तयारी करते. वर्गातले आमचे ब्रदर मात्र त्या परीक्षेला बिचकून असतात, कारण तिथे ८० टक्के जागा मुलींना, २० टक्के मुलांना. मीही दोन्ही परीक्षा देणार आहे. पण जाहिरात कधी येईल, निकाल कधी लागेल, तोवर हात रिकामे ठेवले तर शिरा शोधायची बोटांची सवय जाते. हे अण्णांना सांगितलं. ते बैलांची जोडी मोकळी ठेवत नाहीत, त्यामुळे लगेच पटलं.

आयसीयूवाल्यांच्या पगाराबद्दल मी त्यांना सांगितलं नव्हतं, आज तेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जिथं विचारायला माणूस आहे तिथं जा. पैशाचं बघू."

उद्या सकाळी मॅडमना फोन करून हो सांगते. नियुक्तीपत्रावर तीन महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल, ही ओळ लेखी मागणार आहे. आणि ज्या सीनिअर सिस्टरबरोबर ड्यूटी लागेल त्यांना पहिल्याच दिवशी विचारायचंय, पहिल्यांदा एकटीने नाइट केली तेव्हा तुम्ही मदतीला कुणाला बोलावलं होतं?