सगळे आकडे ठीक, तरी कोरल मिटलेली: शोध कुठे जाऊन थांबला

मंडळी, माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं टोडस्टूल लेदर (छत्रीसारख्या टोपीचं मऊ कोरल) मिटल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ओळखीतल्या एका अनुभवी रीफवाल्याचं (कोरल पाळणाऱ्याचं) म्हणणं होतं, "कात टाकत असेल, थोडं थांब." सल्ला रास्त होता. लेदर अधूनमधून पॉलिप (टोपीवरची बारीक फुलासारखी तोंडं) आत ओढून घेतं, अंगावर चकचकीत मेणचट पापुद्रा येतो आणि प्रवाहाने तो सुटला की पुन्हा फुलतं. यावेळी मात्र पापुद्रा आलाच नाही. देठ मऊ पडला, टोपी एका बाजूला कलली. त्यापाठोपाठ टँकमधली बाकीची कोरलही बिघडली: झोआ अर्धवट उघडायला लागल्या, मशरूम कोरल आक्रसले आणि सतत उघडझाप करणाऱ्या झेनियाची धडधड थांबली.

नव्याने आलेल्यांसाठी सांगतो, टँक साधारण २०० लिटरचा आहे आणि त्यात फक्त सॉफ्ट (मऊ, दगडी सांगाडा नसलेली) कोरल आहेत. दगडी कोरल, काळी कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणून ती मी ठेवत नाही. माझ्या मते तो विषय तिथेच संपतो.

या तपासात मला सर्वात उपयोगी पडला तो एकच प्रश्न: बिघाड एका वसाहतीत आहे की सगळीकडे? कीड, जास्त उजेड, कमी प्रवाह, शेजारच्या कोरलची नांगी, यांनी एखादी जागा किंवा एखादी जात बिघडते. माझ्याकडे वरच्या खडकावरचं लेदर आणि तळाच्या सावलीतले मशरूम एकाच सुमारास खालावले होते. म्हणजे शंका पाण्यावरच. तरी रात्री लाल टॉर्च लावून झोआंच्या मुळाशी पाहिलं. झोआ खाणाऱ्या समुद्री गोगलगाई किंवा त्यांची अंडी दिसली नाहीत.

मग पाणी. केएच (कार्बोनेटचं प्रमाण) ८.१, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ५ च्या वर, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. सॅलिनिटी (खारेपणा) ३५. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावला तरी ३५ जवळ चुकू शकतो, म्हणून तो ३५ च्याच कॅलिब्रेशन द्रवाने तपासला. टँकसाठी गाळलेल्या आरओ-डीआय पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. ठाण्याचा उन्हाळा असूनही पंख्यांमुळे तापमान २६ च्या वर गेलं नव्हतं. लेदर पाण्यात स्वतःची रसायनं सोडतं आणि शेजाऱ्यांना त्रास देतं, म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बन बदलला. फरक पडला नाही.

खरा धागा दिला तो ट्रोकसने. काचेवर चढणाऱ्या या गोगलगाई तळाशी उलट्या पडायला लागल्या. सरळ केल्या तरी काचेला धरवेना. क्लाउनफिश मात्र अगदी मजेत. मासे ठणठणीत आणि गोगलगाई, कोरल आजारी, असं दिसलं की आधी धातूचा विचार करावा. तांब्याचं घरगुती किट इथे फारसं कामाचं नाही. ते माशांच्या औषधोपचाराच्या मात्रेसाठी बनवलेलं असतं, आणि अपृष्ठवंशी जिवांना त्याहून बरंच कमी तांबंही बाधतं. म्हणून सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) धातू शोषणारा पॅड ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर नारिंगी छटा होती, म्हणजे बहुधा लोखंड.

मग पाण्यात बुडालेली प्रत्येक वस्तू एकेक करून बाहेर काढली. हीटर, पंप, क्लिपा, काच पुसायचा चुंबक, सगळं स्वच्छ. शेवटी वेव्हमेकरचा (पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाचा) तो काचेला धरून ठेवणारा आतला चुंबक. वरून गुळगुळीत, पण काचेला टेकणाऱ्या बाजूला प्लास्टिकचं आवरण फुगलेलं आणि सांध्यावर केसाएवढी चीर. बोटाने दाबलं तर तपकिरी पाणी आलं. हे चुंबक निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे असतात आणि वर बहुतेकदा निकेल-तांबं-निकेलचा मुलामा असतो. खारं पाणी आत शिरलं की गंज फुगतो, चीर वाढवतो आणि मुलाम्यातलं तांबं-निकेलही टँकमध्ये उतरतं. ही बाजू कायम काचेला चिकटलेली, त्यामुळे बाहेरून दिसणं अशक्य.

वेव्हमेकर काढला. दर दोन-तीन दिवसांनी २० टक्के, असं चार वेळा पाणी बदललं. पण गणित लक्षात घ्या: २० टक्क्यांच्या चार बदलांनंतरही मूळ पाण्यातलं सुमारे ४१ टक्के टँकमध्येच राहतं. म्हणून सोबत ताजा कार्बन आणि धातू पकडणारं रेझिन चालू ठेवलं. एका दमात सगळं पाणी बदलण्याचा मोह टाळा, आधीच थकलेल्या कोरलना तो दुसरा धक्का असतो.

झोआंचा खडक हलवताना हातमोजे आणि चष्मा दोन्ही वापरले. काही झोआ आणि त्यांच्या जवळच्या नात्यातल्या पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असतं आणि ते जिवावर बेतू शकतं. खडक स्वच्छ करायला उकळू तर अजिबात नका, विष वाफेसोबत श्वासात जातं. घरात लहान मूल असेल तर हे सगळ्यांना सांगून ठेवा.

आजची स्थिती: ट्रोकस पुन्हा काचेवर चढतायत. झोआ दुपारपर्यंत पूर्ण उघडतात. लेदरच्या टोपीच्या कडेला पॉलिप दिसायला लागलेत, मध्यभाग अजून बोडका आहे, पण देठ ताठ झालाय आणि मला त्याचाच मोठा आनंद आहे. झेनियाचा एक कोंब तेवढा वाचला. नव्या वेव्हमेकरचा चुंबक आता दर महिन्याला काढून, चारही बाजूंनी बोट फिरवून पाहणार. पुढच्या आठवड्यात नवा पॅड टाकतो. तो पांढराच राहिला तर रेझिन काढेन, कार्बन मात्र चालू ठेवेन.